भेटवस्तू कापडात बांधायला लागल्यापासून

दिवाळीपासून आमच्या घरून गेलेली जवळजवळ प्रत्येक भेट कापडात बांधून गेली. आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे भाऊबीज, संक्रांतीचं हळदीकुंकू, लग्नसराई, मुंजी, मुलांचे वाढदिवस, सगळं यात येऊन गेलं. चकचकीत कागद पुन्हा घरात आणावासा एकदाही वाटला नाही. पण ‘कुठलंही कापड घ्या आणि बांधा’ असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

कापडाबद्दल आधी बोलते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते कॅम्ब्रिक आणि पॉपलिन हे साधं सुती कापड, आमच्या इंदूरच्या शीतलामाता बाजारातून आणलेलं. ३६ इंच पन्ह्याचं घेतलं की साधारण ९१ सेंटिमीटर रुंदी मिळते. तेवढीच लांबी कापली की चौकोन तयार, काही वाया जात नाही. कापण्याआधी मात्र धुवून वाळवून घ्यावं. कोरं सुती कापड आटतं, आणि आधी कापून मग धुतलं तर चौकोन वेडावाकडा होतो. कडांना पिको करून घेतला की झालं. मलमल दिसायला सुरेख, पण आतली वस्तू दिसते. जाड खादीची गाठ फार फुगते. माहेश्वरीचा रेशीम-सुती तुकडा अतिशय देखणा, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ हळूहळू सैल पडते. त्यात जड वस्तू बांधू नये. धार जिल्ह्यातल्या बागचं ठसाकाम मला मनापासून आवडतं. फक्त ते लाल-काळं कापड नवं असताना दोन-तीनदा वेगळं धुवावं आणि पांढऱ्या साडीभोवती तर मुळीच गुंडाळू नये.

माप काढायची सोपी रीत अशी: कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या तिप्पट हवा. ७० सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण जवळपास ९९ भरतो, म्हणजे ३३ सेंटिमीटरपर्यंतची वस्तू त्यात बसते. पुस्तकं आणि मिठाईचा अर्धा किलोचा डबा यांना हे पुरतं. स्टीलचा मोठा डबा किंवा साडीचा खोका असेल तर ९० चं कापड लागतं.

जपानमध्ये असं बांधण्याच्या रीतीला आणि त्या कापडालाही फुरोशिकी म्हणतात. २००६ साली तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून केलेल्या धाग्याचं फुरोशिकी लोकांपुढे आणलं होतं, पिशव्यांचा वापर कमी व्हावा म्हणून. जपानी लोकांकडून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे गाठ. पहिल्या वेळी डावं टोक उजव्यावरून, दुसऱ्या वेळी उजवं डाव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने बांधली तर ती गाठ सरकते. नीट बांधलेली गाठ ओढून सुटत नाही, पण एक टोक धरून उलट दिशेला सरळ ताणलं की दुसरं टोक अलगद निसटून येतं. माझ्या मावशीची बोटं संधिवाताने वाकली आहेत. चिकटपट्टी लावलेला खोका तिला दुसऱ्याकडून उघडून घ्यावा लागायचा. यंदा भाऊबीजेला आलेलं गाठोडं तिने स्वतः सोडलं, आणि माझ्या दृष्टीने कापडाच्या बाजूने एवढं एकच कारण पुरेसं आहे. भेट कोणाच्या हातांनी उघडली जाणार, हा विचार बांधतानाच करायला हवा.

या महिन्यांतला सगळ्यात मोठा शोध म्हणजे ब्लाउजपीस. आपल्या प्रत्येक घरात ते असतातच. पाऊण ते एक मीटरचा तुकडा, पन्हाही साधारण तेवढाच, म्हणजे न कापता, न शिवता आवरण तयार! पुस्तक, अत्तराची बाटली, छोटी समई, काहीही त्यात बांधता येतं आणि उघडल्यावर आवरणच वापरात येतं. शिवाय ज्या काकूंची हळदीकुंकवाला कुणी ओटी भरत नाही, त्यांच्याही हातात चांगला खण पुस्तकाभोवती बांधून मानाने देता येतो. मी दिले, आणि त्यांनी ते शिवून घातलेले पाहिले.

कापड परत मागायचं का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. मागू नये. दिलं ते दिलं. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, त्याच न्यायाने काही चौकोन गूळपोळी नाहीतर चकली घेऊन घरी आले. जे आले नाहीत ते त्या घरांत पोळ्यांच्या डब्यात आहेत, हेही छानच.

लग्नाच्या स्वागतसमारंभाला मात्र कापड नको. तिथे भेटींचा ढीग होतो, गाठोडी दबतात, नावाची चिठ्ठी कुठेतरी पडते. तिथे मी खोका खाकी कागदात बांधते आणि नाव आत-बाहेर दोन्हीकडे लिहिते. हा कागद खजुरी बाजारात मिळतो. ८० ते १०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्यावा, त्याहून जाड असेल तर कोपऱ्यांची घडी नीट बसत नाही. माळव्यात जमिनीवर-भिंतींवर काढतात त्या ‘मांडणा’ चित्रांसारखी पांढरी नक्षी या तपकिरी रंगावर फार खुलते. खडू हाताला लागतो, म्हणून पांढरा पोस्टर कलर आणि बारीक ब्रश वापरावा. माझा मुलगा बटाट्याचे ठसे करतो. आजोबांनी तो कागद घडी घालून कपाटात ठेवलाय. पावसाळी हवेत हा कागद मऊ पडतो आणि चिकटपट्टी सुटते, तेव्हा वरून सुतळी बांधावीच.

सोनेरी-रुपेरी कागदाबद्दल थोडंच सांगते. मुठीत चुरगळून सोडा. पुन्हा उलगडला तर त्यात प्लास्टिकचा थर आहे असं समजा. मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लास्टिक फिल्मवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग पहिल्या आलेल्या आपल्या शहरात, रोज सकाळी गाडीपाशी ओला-सुका कचरा वेगळा देताना, तो चमचमता कागद मला नकोसा होतो.

खर्च म्हणाल तर मला कॅम्ब्रिक मीटरमागे शंभराच्या आतच मिळालं, पिकोचे थोडे वेगळे. एका चांगल्या कागदापेक्षा हे महागच. पण ज्या घरांशी आपलं वर्षभर येणं-जाणं असतं, तिथे तेच कापड पुन्हा पुन्हा फिरतं. राखीच्या आधी मी ७० चे आणखी काही चौकोन करून घेणार आहे, यावेळी गडद रंगांचे, कारण फिकट कापडावर हळदीचे डाग राहिले ते राहिलेच.