चेतकची मागची ब्रेक केबल बाहेरून बांधून दिली अन् पैसे पूर्ण घेतले, जुनी गाडी बनवायला देणार असाल तर आधी वाचा

बाबांची १९८६ ची बजाज चेतक स्कूटर आहे आमच्याकडे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, तेव्हा स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची, नंबर लागला तेव्हा म्हणे गावातले लोक पाहायला आले होते. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, तिथून शाळेपर्यंत रोज जाणं-येणं याच गाडीवर, माझी दहावीची परीक्षासुद्धा याच गाडीच्या मागे बसून झाली. बाबा गेल्यावर तीन वर्षं ती शेडात पडून होती, कोंबड्या बसायच्या तिच्यावर. आईच एक दिवस म्हणाली, "बाबाची गाडी अशी सडून राहिली, चांगली नाही वाटत बापा." म्हणून यंदा सोयाबीनचे पैसे आले तसं ठरवलं की गाडी नव्यासारखी करायची.

गॅरेजवाल्याचं नाव मी इथं लिहीत नाही, केस सुरू आहे. तालुक्याच्या ठिकाणी गॅरेज आहे त्याचं, मोबाईलमध्ये जुन्या राजदूत, लॅम्ब्रेटा गाड्या चमकवलेल्यांचे भरपूर फोटो, बोलणं एकदम गोड. "भाऊ तुमी काहून टेन्शन घेता, सगळा कंपनीचा माल टाकतो, मास्तरची गाडी हाय म्हणजे आपल्या घरचीच हाय." ठेका ठरला ३८ हजाराचा. त्यात फ्लोअरचा सडलेला पत्रा बदलणं, पेंट, इंजिनचं काम, वायरिंग अन् सगळ्या केबल नवीन. २५ हजार आधी यूपीआयने दिले, बाकीचे गाडी नेताना. बिल म्हणजे साध्या कागदावर पेनने लिहिलेली यादी, त्याच्यावर ना दुकानाचं नाव ना शिक्का. तेव्हा मला हे खटकायला पाहिजे होतं.

पोळ्याच्या आधी दिली, दिवाळीच्या चार दिवस आधी हातात आली. अन् खरं सांगतो, पाहून डोळ्यात पाणी आलं, तो निळा रंग अगदी बाबांच्या वेळचा. त्या नादात मी वाकून खाली पाहिलंच नाही.

चेतक चालवलेल्यांना माहीत असेल, पण नवीन पोट्ट्यांसाठी सांगतो. या गाडीला मोटरसायकलसारखी पाइपची वेगळी फ्रेम नसते, पत्र्याची बॉडी हीच फ्रेम, अन् दोन पायांच्या मधून जो फुगीर भाग मागे जातो तो टनेल आतून पोकळ असतो. क्लचची तार, गिअरच्या दोन तारा, अ‍ॅक्सिलेटरची तार अन् मागच्या ब्रेकची केबल सगळं त्याच्यातूनच मागे जातं. ब्रेक पायडल उजव्या पायाखाली, केबल तिथून टनेलमध्ये शिरते, मागे इंजिनजवळ बाहेर निघते अन् इंजिनच्या खालच्या बाजूला ब्रेकच्या लिव्हरला नटाने आवळलेली असते. आता महत्त्वाची गोष्ट ही की या गाडीत इंजिन अन् मागचं चाक एकच जोड आहे, खड्ड्यात गेलं की अख्खं इंजिन वर-खाली हलतं. म्हणून केबल जिथं टनेलमधून बाहेर येते तिथं तिला थोडा सैल वळसा ठेवावाच लागतो. नाही ठेवला तर माणूस मागे बसला की इंजिन वर उचललं जाते, केबल ताणते अन् कोणी पाय न ठेवता ब्रेक लागून राहतो.

माझ्या गाडीत नेमकं हेच होऊन राहिलं होतं. एकटा चालवताना ठीक, आई मागे बसली की गाडी जड, पाच किलोमीटर गेलं की मागच्या ब्रेकचं ड्रम हात लावू देत नाही एवढं गरम. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे नवीन केबल हाय, सेट व्हायला टाइम लागते, चालवा बिनधास्त. मग पंक्चरवाल्याच्या पोऱ्याकडून नट थोडा ढिला करून घेतला अन् चालवत राहिलो, ही माझी चूक, ती मी मान्य करतो.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी आईला मावशीकडे नेत होतो. गावाबाहेर नाल्याच्या पुलाकडे उतार आहे, समोरून कापसाची बंडी येत होती, मी ब्रेक दाबला तर पायडल सरळ फ्लोअरला जाऊन टेकलं. काहीच नाही. आई मागे, पुढचा ब्रेक जोरात दाबावा तर गिट्टीवर गाडी घसरणार. गिअर खाली टाकला, पुढचा ब्रेक हळूहळू धरला अन् गाडी बाजूच्या तुरीच्या वावरात घातली. आई पडली, गुडघा अन् कोपर सोलून निघालं, डॉक्टरकडे एक्स-रे काढला, हाड नाही मोडलं. बंडीचे बैल बुजले असते किंवा पुढे ट्रक असता तर मी हे लिहायला नसतो.

गाडी टेम्पोत टाकून शेजारच्या गावातल्या एका काकांकडे नेली. त्यांचं मोठं गॅरेज नाही, कडुनिंबाखाली बसतात, पण तीस वर्षांपासून चेतक अन् प्रिया स्कूटर खोलतात. त्यांनी गाडी आडवी केली अन् दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग मला म्हणाले, "इकडं ये, आपल्या डोळ्यानं पाय."

ब्रेक केबल टनेलमधून गेलेलीच नव्हती. फ्लोअरच्या खालून, उघडी, सेंटरिंगवाल्याच्या बाइंडिंग तारेने तीन जागी बांधलेली, अन् मागे सायलेन्सरला टेकून. सायलेन्सरच्या उष्णतेने आऊटरचं, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीचं, प्लास्टिक वितळून चिकटलं होतं, एका जागची बाइंडिंग तार तुटली अन् आऊटर आपल्या खाचेतून बाहेर सटकलं. आऊटर जागेवर नसलं की तुम्ही पायडल कितीही दाबा, ओढ लिव्हरपर्यंत पोचतच नाही.

अन् हे काहून केलं त्यानं? काकांनी टनेलच्या तोंडात बॅटरी मारून दाखवलं. नवीन पत्रा वेल्डिंग करताना त्यानं जुन्या केबल आतून काढल्याच नव्हत्या. वेल्डिंगच्या उष्णतेनं जुन्या ब्रेक केबलचं आऊटर आत जळून चिकटलं, वरून वेल्डिंगचा थर अन् त्याच्यावर लांबी (पुट्टी) फासलेली, जायचा रस्ताच बंद. मग दोन्ही टोकं पकडीनं कापून टाकली अन् नवीन केबल बाहेरून फिरवली. क्लचची अन् गिअरच्या तारासुद्धा जुन्याच, फक्त हँडलकडून दिसतात तेवढी टोकं नवीन टोप्या लावून चमकवलेली. मला "केबल सेट पूर्ण" म्हणून १८०० लावले होते, मजुरी वेगळी. मागची ब्रेक केबल मी नंतर दारव्ह्यातून दीडशे रुपयांत आणली.

काकांनी सांगितलं की हे काम मुळात अवघड नाही. जुनी केबल काढायच्या आधी तिच्या टोकाला नवीन बांधायची, ग्रीस लावायचं, एकानं इकडून ढकलायचं अन् दुसऱ्यानं तिकडून ओढायचं, जुनीच नवीला रस्ता दाखवते. जुनी कापून टाकली की हा रस्ता गेला. आमच्या गाडीत त्यांना खालून वेल्डिंगचा थर ग्राइंडरनं उडवावा लागला, जळलेले तुकडे ओढून काढले, मग मागून एक जाड तार आत घालून पुढे काढली अन् तिला नवीन केबल बांधून ओढली. अख्खा दिवस गेला, नव्या पेंटला डाग पडला तो वेगळाच. घेतले फक्त ७०० रुपये, मी जास्त देत होतो तर घेतले नाहीत.

त्याच दिवशी कळलं की हेडलाइटची ओरिजिनल रिंग अन् पुढच्या शील्डवरचं धातूचं चेतक नाव पण बदललेलं आहे, हलक्या प्लास्टिकचं लावलंय. जुने ओरिजिनल सुटे भाग घेणारे लोक आहेत बाजारात, ते कुठं गेले असतील मी सांगायची गरज नाही. ते नाव बाबा दर रविवारी ब्रासोनं पुसायचे. पैशापेक्षा मला याचं जास्त लागलं.

गॅरेजवाला आता म्हणते मी दिली तेव्हा गाडी बरोबर होती, तुमीच बाहेर कुठं छेडलं असन. मग नंबर ब्लॉक केला. मी आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, तिथून काही निघालं नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात केस केली. दोन वर्षांच्या आत करावी लागते अन् पाच लाखापर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील न लावता स्वतः पण करता येते. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर "सगळी केबल नवीन टाकली" हा त्याचा मेसेज आहे, पण गाडी देण्याच्या आधीचे फोटो नाहीत, त्यामुळे रिंग अन् नाव त्यानंच काढलं हे दाखवणं कठीण जाऊन राहिलं.

तुमची गाडी कोणी बनवत असेल तर द्यायच्या आधी प्रत्येक ओरिजिनल भागाचा जवळून फोटो काढा, आरसीवरचा चेसिस अन् इंजिन नंबर ताडून त्याचा पण काढा, अन् काढलेला प्रत्येक जुना भाग परत पाहिजे हे आधीच बोला, जुन्या केबलसकट. पत्र्याचं वेल्डिंग असेल तर पेंटच्या आधी एकदा स्वतः जा अन् टनेल रिकामा आहे का ते पाहा. शेवटचे पैसे द्यायच्या आधी गाडी स्टँडवर घ्या, खाली झोपून पाहा केबल कुठून येते, मग स्टँडवरून काढून आधी रिकामी गाडी ढकलून पाहा, नंतर दोघांना सीटवर दाबून बसवा अन् परत ढकला, आता अडून राहिली तर ब्रेक ओढला जाऊन राहिला हे समजा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची आरसी दर पाच वर्षांनी नवीन करायला आरटीओत गाडी दाखवावीच लागते, पण त्या तारखेची वाट पाहू नका, तोवर रोज घरची माणसं मागे बसतात.

टनेलमधून निघालेले जळालेल्या केबलचे तुकडे मी एका पिशवीत ठेवलेत, पुढच्या तारखेला आयोगासमोर ठेवायला. गाडी आता बरोबर चालते, ड्रम थंड राहते. आई अजून तिच्यावर बसली नाही.