इफ्फीच्या आठवड्यात पणजीत भाड्याची स्कूटर: घ्यावी कोणी, तपासावे काय

2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो आणि दर नोव्हेंबरला तोच प्रश्न पडतो: उतरायचे कुठे आणि फिरायचे कशाने? ओला-उबर इथे नाही. अॅपवरची टॅक्सी मिळते, पण रात्रीचा शेवटचा खेळ सुटला की एकाच वेळी सगळेच फोन काढतात. मग उरते ती भाड्याची दुचाकी. सेवा म्हणून ती कामाची आहे, फक्त सगळ्यांच्या कामाची नाही.

मुक्काम पणजीतच असेल, म्हणजे मळा, फोंताइन्यास, सांतिनेज, मिरामार या पट्ट्यात, तर पैसे वाया घालवू नका. आयनॉक्स आणि मॅकिनेझ पॅलेस ही महोत्सवाची ठिकाणे एकाच आवारात आहेत, तिथून कला अकादमी पायी सात-आठ मिनिटांवर. 18 जून रस्ता एकदिशा आहे. तिथे वळसा घालून पार्किंग शोधेपर्यंत चालत जाणारा माणूस रांगेत पुढे उभा असतो. कदंब बसस्थानकावरून आयनॉक्स जेमतेम दोन किलोमीटर. शहरातली इलेक्ट्रिक बस आहे, नाहीतर पायलट. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल म्हणजे पायलट. भाडे बसण्याआधी ठरवायचे आणि मागे बसणाऱ्यासाठी हेल्मेट मागून घ्यायचे.

स्कूटर खरी कामाला येते ती म्हापसा, कळंगुट, पर्वरी किंवा जुने गोवे इथे राहणाऱ्यांना. दिवसा म्हापशाहून पणजीला कदंबची, म्हणजे सरकारी बसची, शटल उत्तम: काउंटरवर तिकीट, मध्ये थांबा नाही, अंतर 13 किलोमीटर. पण संध्याकाळ सरली की बसा विरळ होतात, आणि साडेनऊ-दहाला सुरू होणारा चित्रपट मध्यरात्रीशिवाय सुटत नाही. सगळी मेख इथेच आहे.

भाडे 24 तासांच्या हिशेबाने असते. नोव्हेंबरात साध्या 110 सीसी गाडीला साधारण 400 ते 500 रुपये धरा. आठ-नऊ दिवसांसाठी एकदम घेतली तर घासाघीस होते आणि ती करावीच. डिपॉझिट रोख द्या, पण मूळ आधार किंवा लायसन्स ठेवून घेऊ देऊ नका. पोलिसाने अडवले तर दाखवणार काय?

नंबरपाटी आधी बघा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तर गाडी भाड्याने देण्याचा परवाना आहे. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे असतील तर ती खासगी गाडी. शंभर रुपये स्वस्त मिळेल, पण ती भाड्याने देणे बेकायदा आणि अपघात झाला तर विम्याचे वांधे. आरसी, विमा आणि पीयूसीचे फोटो फोनमध्ये काढून ठेवा. गाडीभोवती फिरून एक सलग व्हिडिओ घ्या: आरशांच्या कडा, सायलेन्सरचे आवरण, पायाखालचा पत्रा. परत देताना वाद होतो तो याच जागांवरून.

आता यंत्र. पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाड्या नोव्हेंबरात बाहेर येतात, त्यामुळे बॅटरी मेलेली असणे हा नेहमीचा आजार. बटणावर चालू होते यावर समाधान मानू नका. मेन स्टँडवर लावून किकही मारून बघा. मागचा टायर आधी झिजतो, नखाने खाच लागते का पाहा. हेडलाइट बंद खोलीकडे किंवा भिंतीकडे तोंड करून तपासा, उन्हात काहीच कळत नाही. रात्री गिरी, साळगावच्या बाजूला रस्त्यात बसलेली गुरे आणि रंग उडालेले गतिरोधक या दिव्यातच दिसायचे असतात.

टाकी बहुतेक रिकामीच मिळते. हातात आल्यावर पहिला थांबा पंपाचा. दोन लिटरमध्ये 80 किलोमीटर आरामात होतात, म्हणजे म्हापसा-पणजीच्या तीन फेऱ्या. काटा तळाला ठेवून फिरू नका: 2020 नंतरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. सुकला तर दुरुस्तीचा खर्च तुमच्याच माथी.

हेल्मेट हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग. मिळते ते पातळ, बक्कल सैल. आयएसआय शिक्का आणि चालणारे बक्कल मागा, दोन मागा, कारण मागच्यालाही सक्तीचे आहे. पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट सीटखाली बसत नाही, तेवढे लक्षात ठेवा.

मांडवीवर बाहेरचे लोक हमखास चुकतात. इथल्या नव्या पुलावर, अटल सेतूवर, दुचाकीला बंदी आहे. नकाशाचे अॅप गाडीच्या मोडवर राहिले तर सरळ त्याच पुलावर चढवते आणि वर गेल्यावर मागे फिरायला जागा नाही. अॅपमध्ये दुचाकी निवडा आणि जुन्या पुलांच्या पाट्या धरा. पर्वरीच्या खेळासाठी पणजी-बेती फेरीबोटीचाही पर्याय आहे. पायी जाणाऱ्याला ती फुकट, वर वाऱ्याची झुळूक वेगळी.

एकूण पाचपैकी: पणजीत राहणाऱ्याला एक, कळंगुट-म्हापशाच्या माणसाला साडेतीन. अर्धा गुण हेल्मेटने घालवला, एक रिकाम्या टाकीने आणि मेलेल्या बॅटरीने. दोघे मिळून घेतली तर रोजचे भाडे माणशी अडीचशेच्या आत येते, आणि रात्री साडेबाराला टॅक्सीसाठी फोन हातात धरून उभे राहावे लागत नाही.