अटोनमेंट की द काइट रनर, आधी कुठली वाचावी

भाचीनं परवा विचारलं, मामा, अटोनमेंट आणि द काइट रनर या दोन्ही कादंबऱ्या घरात आहेत, सुट्टीत एकच वाचून होईल, कुठली घेऊ? मला पटकन सांगता आलं नाही, कारण दोन्ही मी दोन-दोनदा वाचल्यात आणि दोन्हींनी मला झोप लागू दिलेली नाही. पुढे दोन्हींचे शेवट फुटणार आहेत, त्याशिवाय ही तुलना होतच नाही, तेव्हा ज्यांना शेवट कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबा.

कथा माहीत असेलच असं धरून चालतो. लांबून बघितलं तर दोन्हींचा सांगाडा इतका सारखा आहे की नवल वाटतं. मोठं घर, बारा-तेरा वर्षांचं पोर, त्याच घरात कामाला असलेल्या माणसाचा मुलगा, आणि एक खोटं जे थेट त्या मुलाच्या डोक्यावर जाऊन पडतं. अटोनमेंटमधली ब्रायनी १९३५ च्या उन्हाळ्यात पोलिसांना छातीठोक सांगते की माझ्या मावसबहिणीवर अत्याचार करताना मी रॉबीला बघितलं, आणि मोलकरणीचा हा हुशार, केंब्रिजला शिकलेला मुलगा तुरुंगात जातो. काइट रनरमधला अमीर १९७५ च्या हिवाळ्यात काबूलच्या एका गल्लीत असेफ नावाचा गुंड हसनवर अत्याचार करतो ते बघतो आणि पळून जातो, आणि एवढ्यावर न थांबता नंतर घड्याळ आणि पैसे हसनच्या गादीखाली नेऊन ठेवतो. दोघंही पुढे लेखक होतात. आणि दोघांनाही ज्याची माफी मागायची तो माणूस जिवंत सापडत नाही.

युद्धाचं म्हणाल तर इथे मोठा फरक आहे. काइट रनरमध्ये रशियन फौजा येतात, बापलेक पळून अमेरिकेला जातात, आणि मधली वीस वर्षं अफगाणिस्तानात जे झालं ते आपल्याला बहुतेक ऐकीव कळतं, अमीरच्या वडिलांचा मित्र रहीम खान याच्या तोंडून. अटोनमेंटमध्ये युद्ध हेच माफीच्या आड येतं. तुरुंगातून सैन्यात गेलेला रॉबी दुसऱ्या महायुद्धातल्या माघारीत फ्रान्सच्या डंकर्क बंदराच्या वाटेवर चालतोय, बरगडीखाली जखम चिघळतेय, आणि इकडे ब्रायनी लंडनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होऊन बेडपॅन घासतेय, मनात हेच की भेटले की सगळं खरं सांगून टाकीन. त्या हॉस्पिटलमधला एक प्रसंग मी कधी विसरणार नाही, मरायला टेकलेला एक फ्रेंच पोरगा तिला कुणीतरी ओळखीची समजून बोलत राहतो, डोक्याचं बँडेज सैल कर म्हणतो, ती सोडते आणि खाली काय आहे ते दिसतं. तिथे ती त्याला स्वतःचं खरं नाव सांगते. वॉर्डात नर्सला पहिलं नाव नसतं, नुसतं आडनाव, आणि जिनं एका माणसाचं नाव खराब केलं ती एका अनोळखी मुलाला आपलं नाव देते. मला तरी ते तसंच वाटलं, दुसऱ्या कुणाला वेगळं वाटू शकेल.

वाचायला सोपी कुठली तर काइट रनर, त्यात वादच नाही. दोन रात्रींत संपते, रडवते, मराठीतही आहे. अटोनमेंटचा जवळजवळ अर्धा भाग म्हणजे एकच दिवस, उकाडा, कारंजं, फुटलेली फुलदाणी, आणि पहिल्यांदा वाचताना मी तिथे दोनदा पुस्तक खाली ठेवलं होतं.

तरीही माझा कौल कुठे गेला आणि का, ते सांगतो, आणि त्याला कारण काइट रनरमधली एकच गोष्ट आहे जी मला आजही खुपते. टेकडीवर अमीर हसनला डाळिंबं फेकून मारतो, तूही मला मार म्हणून ओरडतो. त्याला शिक्षा हवीय. हसन काय करतो, तर एक डाळिंब उचलून स्वतःच्याच कपाळावर फोडतो आणि निघून जातो. शिक्षा मागून मिळत नाही, मार खाऊन सुटता येत नाही, हे लेखकानं तिथे इतकं लख्ख दाखवलंय की मी पुस्तक मिटून बसलो होतो. आणि मग शेवटाकडे काय होतं, तर तोच जुना गुंड असेफ तालिबानी होऊन समोर येतो, अमीरला बेदम मारतो, आणि अमीर हसायला लागतो कारण त्याला हलकं वाटतंय, तेव्हा त्याला ती टेकडीही आठवते. ओठही फाटतो तो हसनचा जन्मापासून फाटलेला होता तसाच. म्हणजे डाळिंबानं जे नाकारलं ते असेफच्या मुठीनं देऊन टाकलं. आपल्याकडे पूर्वी प्रायश्चित्त म्हणजे भटजींना बोलवा, होम करा, दक्षिणा द्या, की झालं, हिशोब मिटला, तसं काहीसं. हसनचा मुलगा सोहराब, ज्याला अमीर सोडवून आणतो, पुढे वर्षभर जवळजवळ बोलत नाही, तो भाग फार खरा आहे आणि त्यानं पुस्तक बरंच सावरतं हेही सांगायला हवं, पण अमीरचं ते हसू माझ्या मनातून जात नाही.

याला कारण माझा स्वतःचा अनुभव असेल. सातवीत असताना गणपतीच्या वर्गणीच्या डब्यातले पैसे मी घेतले होते आणि आळ आला शेजारच्या मुलावर. मी गप्प राहिलो, त्याला वडिलांनी पट्ट्यानं मारलं, आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. पंचवीस वर्षांनी त्याला गाठून सगळं सांगितलं तर म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं रे," आणि दोन चहा सांगितले. मला वाटलं होतं छातीवरचं ओझं उतरेल. नाही उतरलं, उलट त्याला माहीत होतं हे कळल्यावर जास्त जड झालं.

म्हणून मला ब्रायनी खरी वाटते. म्हातारी झाल्यावर, १९९९ मध्ये, ती सांगते की रॉबी आणि त्याच्यावर प्रेम करणारी माझी बहीण सेसिलिया पुन्हा भेटले हे मी रचलं, खरं तर तो १९४० मध्येच समुद्रकिनाऱ्यावर वारला आणि तीही त्याच वर्षी बॉम्बमध्ये गेली. अनेकांना इथे फसवल्यासारखं वाटतं, आमच्या हिचं तेच म्हणणं, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण एक बघा, एकोणसाठ वर्षं ती तीच कादंबरी पुन्हापुन्हा लिहितेय, सगळं तिच्या हातात आहे, मेलेल्यांना जिवंत करतेय, तरी त्या रचलेल्या भेटीतसुद्धा ती त्यांच्या तोंडी माफी घालत नाही. रॉबी तिच्यावर भडकतो, बहीण थंड राहते, आणि जबाब बदल, सगळं लिहून दे असं सांगून तिला परत पाठवतात. एवढं ती स्वतःला देऊ शकली असती, नाही दिलं.

सिनेमे दोन्हींचे २००७ मध्येच आले, पण अटोनमेंटचा तरी आधी बघू नका, शेवट एकदाच कळतो.

मन भरून रडायचं असेल, किंवा अफगाणिस्तान माणसांमधून समजून घ्यायचा असेल, तर काइट रनर घ्या, वाया जाणार नाही. भाचीला मात्र मी अटोनमेंट दिली. सध्या ती कारंज्यापाशीच आहे आणि काल मेसेज आला, मामा यात काही घडतच नाहीये. मी एवढंच कळवलं की रॉबी आता एक चिठ्ठी लिहील, ती कुणाच्या हातात देतो तिकडे लक्ष ठेव.