आठ महिने ग्रामर अ‍ॅप वापरलं: 'डिडन्ट वेन्ट' सुटलं, 'लर्न्ट'चा राग सुटेना

जानेवारीत वर्षाचे ९९९ भरून घेतलं, फीचर्स सगळ्यांना माहितीयेत, ते उगाळत बसत नाही. आज लिहायला बसलो ते एका शब्दापायी.

परवा रिकाम्या जागेत मी 'लर्न्ट' टाकलं तर लाल फुली, एक हार्ट (गेममधल्या 'लाइफ'सारखं, चुकलं की एक कमी) गेलं. बरोबर उत्तर म्हणे 'लर्न्ड'. अरे बाबा ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, फक्त 'लर्न्ड'च हवं हा अमेरिकन हट्ट, आणि आम्ही शाळेत 'लर्न्ट'च घोकलंय. 'ड्रेम्ट', 'स्पेल्ट' टाकून बघितलं, तीच फुली. हार्ट संपली की चार तास थांबा नाहीतर वर पैसे मोजा, वर्षाचे भरूनसुद्धा!

सपोर्टला मेल केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'वी हॅव रिसीव्ड युअर कम्प्लेंट यस्टरडे.' आता 'यस्टरडे' असेल तर 'हॅव' येत नाही, नुसतं 'रिसीव्ड', हे ह्यांच्याच अ‍ॅपने माझ्याकडून महिनाभर गिरवून घेतलंय! लाल गोल करून स्क्रीनशॉट परत पाठवला, तेव्हापासून तिकडे चिडीचूप.

एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, पण खोटं कशाला बोलू. मी डिस्पॅचला आहे, रोज दहा-बारा मेल, आणि वीस वर्षं 'ट्रक डिड नॉट केम' लिहीत आलो. आपण 'ट्रक आला नाही' म्हणतो ना, त्यात 'आला' भूतकाळातच राहतो, मग 'केम'च सुचतं. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड'ने एकदा उचललं की पुढचं क्रियापद मूळ रूपात, 'डिड नॉट कम'. हे अ‍ॅपने इतक्या वेळा करून घेतलं की आता बोट आपोआप थांबतं. तसंच 'पाच वर्षांपासून राहतो'चं. मराठीत साधा वर्तमानकाळ नि 'पासून', काम झालं. तिकडे 'हॅव बीन लिव्हिंग', वर कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचं साल असेल तर 'सिन्स'. 'सिन्स फाइव्ह इयर्स' मी आमच्या साहेबांनाही लिहिलंय, त्यांनीही तसंच उत्तर दिलंय, सोडा.

तर एकाचे तीन स्टार करतोय. बोलायचे धडे घेऊ नका, माझा 'व्ही' त्याला कधीच कळला नाही. ऑटो-रिन्यू बंद केलंय, डिसेंबरपर्यंतचे पैसे मात्र वसूल करणार, आणि 'लर्न्ट'च टाकणार, जाऊ दे हार्ट.