एम३४०आय: इंजिन भारी आहेच, पण मी घेतली ती बटणांसाठी

नागपुरात जर्मन गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, शून्य ते शंभर किती सेकंदात? तर ते आधीच सांगून टाकतो, ४.४. ही २०२१ ची बीएमडब्ल्यू एम३४०आय, फेसलिफ्टच्या (म्हणजे कंपनीने तेच मॉडेल मधेच ताजं केलं त्याच्या) आधीची, ३ लिटरचं इनलाइन सिक्स टर्बो पेट्रोल, ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना ड्राइव्ह. चेन्नईत जोडलेली, आली तेव्हा ६२.९० लाख एक्स-शोरूम होती, मी सेकंडहँड घेतली.

आधी बिल्ल्यांचा घोळ सोडवू, कारण यात लोकांचे पैसे जाऊन राहिले. एम हा बीएमडब्ल्यूच्या जोरदार गाड्यांचा बिल्ला. एका शोरूममध्ये मला एम स्पोर्टवाली डिझेल दाखवून "सर, ही एमच आहे" सांगत होते. नाही ना भाऊ! एम स्पोर्ट म्हणजे मुख्यतः बंपर, स्टिअरिंग, चाकं, थोडं कडक सस्पेन्शन, इंजिन तेच साधं. त्याच्या वर एम परफॉर्मन्स, म्हणजे ही एम३४०आय, हिचं बी५८ इंजिन टोयोटाच्या सुप्रामध्येही आहे. आणि त्याच्या वर खरी एम, म्हणजे एम३, तिचं इंजिनच वेगळं, एस५८. मर्सिडीजकडेही असंच, एएमजी लाइन म्हणजे नुसते कपडे, मग ए३५, आणि वर ए४५ एस, जिचं इंजिन एकच माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडतो आणि त्यावर त्याच्या सहीची पट्टी असते. ऑडीत एस लाइन, एस, आरएस. तिन्हीकडे मधली पायरीच आपल्या कामाची, असं माझं स्पष्ट मत आहे. समृद्धीवर मर्यादा १२० ची, आणि वर्धा रोडला संध्याकाळी चाळीसची स्पीड मिळाली तरी खूप झालं, तिथे एम३ घेऊन करता काय?

आता मुद्द्याचं. गाडी चालवताना नजर रस्त्यावरून न काढता काय काय करता येतं? या गाडीत जवळपास सगळंच. एसीची बटणं व्हेंटच्या खाली एका ओळीत, तापमानाचं बटण बोटाला लगेच सापडतं, खाली आवाजाचा गोल नॉब, आणि त्याच्या शेजारी १ ते ८ आकड्यांची बटणं. ही रेडिओचीच आहेत समजून लोक सोडून देतात, पण यावर काहीही सेव्ह होतं, फोन नंबर, घराचा पत्ता, मेनूतलं खोल दडलेलं एखादं सेटिंग. माझ्याकडे १ वर घर आहे आणि २ वर आईचा नंबर. बोट नुसतं टेकवलं तर त्यावर काय ठेवलंय ते स्क्रीनवर दिसतं, दाबलं की काम होतं. इतकी साधी आणि इतकी विचार करून केलेली गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिली नाही.

आयड्राइव्हचा, म्हणजे स्क्रीन चालवायचा, नॉब २००१ च्या सेव्हन सीरिजमध्ये आला तेव्हा जगभरच्या लोकांनी शिव्या घातल्या होत्या, आता त्याच्याइतकं हाताला बसलेलं काहीच नाही वाटत. कोपर आर्मरेस्टवर, नॉब बरोबर तळहाताखाली. स्पोर्ट आणि कम्फर्टची बटणंही गिअरजवळच.

२०२२ च्या फेसलिफ्टमध्ये मोठा वाकडा डिस्प्ले आला आणि एसी गेला स्क्रीनमध्ये. नॉब ठेवलाय, त्याबद्दल आभार, पण मे महिन्यात ४५ डिग्रीत तापलेल्या गाडीत बसल्यावर माणसाला आधी एसीच हवा असतो, तिथे काचेवर बोट नेमकं कुठे टेकवायचं ते बघत बसायचं का? ऑडीने एस५ मध्ये बरोबर उलटं केलं, एसीचे गोल नॉब ठेवले आणि एमएमआयचा, म्हणजे त्यांच्या स्क्रीनचा, नॉब काढला. एएमजीच्या स्टिअरिंगवर खाली दोन छोटे डिस्प्ले आहेत, उजवा फिरवला की मोड बदलतो, ते मला फार म्हणजे फार आवडतं, पण त्याच स्टिअरिंगच्या आऱ्यांवर नवीन गाड्यांत टच आहे. आणि मारुती-ह्युंदाईवरून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, या गाड्यांत इंडिकेटर डावीकडे असतो. बीएमडब्ल्यूत सवयीने उजवा दांडा हलवला तर वायपर फिरतील, बस. मर्सिडीजमध्ये उजवा दांडा गिअरचा असतो! घरात दोन-तीन जण गाडी चालवत असतील तर हे सगळ्यांना आधी सांगा.

काय नाही आवडलं? डिजिटल मीटरमध्ये आरपीएमचा काटा उलटा फिरतो, घड्याळाच्या विरुद्ध, आणि आकडे कडेला ढकललेत, त्यामुळे पटकन वाचता येत नाही. एम स्टिअरिंग जरा जास्तच जाड आहे, माझ्या बायकोला ते हातात नीट मावत नाही. सीट खाली आहे, आई-बाबांना उतरताना हात द्यावा लागतो. बाकी इंजिनचा गोडवा, चार हजारानंतरचा तो आवाज, त्यावर तर अजून दोन पानं लिहीन.

गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून पाच स्टारसाठी इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना खरी बटणं मागितली आहेत. एसी त्या यादीत नाही, तो असायला पाहिजे होता. सेकंडहँड बघत असाल तर टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला घ्या, अजनी चौकाकडून वर्धा रोडला, आणि चालत्या गाडीत न बघता तापमान दोन डिग्री कमी करून बघा.