पायथनचं स्ट्रिप, आठ महिन्यांनंतर

गेले आठ महिने आमच्या वाचनालयाची ग्रंथयादी एक्सेलमधून डेटाबेसमध्ये आणतेय. नऊ हजारांच्या आसपास नोंदी, वेगवेगळ्या हातांनी टाइप केलेल्या. एकच लेखक यादीत तीनदा दिसायचा, कारण एका नावामागे स्पेस, दुसऱ्यापुढे टॅब. तेव्हापासून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं स्ट्रिप, म्हणजे मजकुराच्या दोन्ही टोकांच्या स्पेस-टॅब काढणारं फंक्शन, रोज हाताशी आहे.

दोन्ही टोकं ते चोख साफ करतं. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातली नो-ब्रेक स्पेस (तिथे ओळ तुटू न देणारी स्पेस) एक्सेलच्या ट्रिमला निघत नाही, स्ट्रिपला निघते. मूळ स्ट्रिंग, म्हणजे मूळ मजकूर, मात्र बदलत नाही, नवी मिळते. ती परत व्हेरिएबलमध्ये ठेवायला विसरू नका. मधल्या जादा स्पेससाठी मी स्प्लिट करून एका स्पेसने जॉइन करते.

स्ट्रिपच्या कंसात काढायची अक्षरं देताना जपा. नावांपुढचं ‘डॉ.’ काढायला मी ते पुढच्या स्पेससकट एलस्ट्रिपला, म्हणजे फक्त सुरुवात साफ करणाऱ्या स्ट्रिपला, दिलं. ते शब्द म्हणून बघतच नाही, दिलेल्यांपैकी जे चिन्ह समोर येईल ते खात सुटतं. ‘डॉ. डोंगरे’ मधला दुसरा ‘ड’ही गेला आणि आडनाव काना-मात्रेपासून सुरू झालं! या कामाला रिमूव्हप्रीफिक्स आहे, २०२० च्या पायथन ३.९ पासून.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते न दिसणाऱ्या चिन्हांनी. दोन नावं डोळ्यांना हुबेहूब सारखी, पण लांबी एकाने वेगळी. न दिसणारी चिन्हंही कोडने दाखवणाऱ्या रेप्रने छापून बघितलं तेव्हा शेवटी झिरो-विड्थ स्पेस, म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, सापडली. नाव स्पेस असलं तरी युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) हिशेबात ती व्हाइटस्पेस, म्हणजे रिकामी जागा, नाही, म्हणून स्ट्रिप तिला सोडून देतं. सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीचा बीओएमही (एन्कोडिंग सांगणारं न दिसणारं चिन्ह) तसाच राहतो. पहिल्या ‘दाखल क्रमांक’ या मथळ्याला तो चिकटला होता आणि कॉलम सापडतच नव्हता. फाइल बीओएम वगळून वाचणाऱ्या ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगने उघडली, प्रश्न मिटला.

वैतागून मी सगळीच शून्य रुंदीची चिन्हं रिप्लेसने उडवली. ही माझी मोठी चूक. जुन्या नोंदींत ‘शेतकऱ्यांचे’ मधला अर्धा र साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (अक्षराचं जोडरूप ठरवणारं न दिसणारं चिन्ह) असा टाइप केलेला होता. जॉइनर गेला आणि शीर्षकांत ‘शेतकर्यांचे’ झालं. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेले साफसफाईचे तुकडे मराठीवर जसेच्या तसे चालवू नका, ही माझी मनापासून विनंती आहे. तो जॉइनर कचरा नाही, आपल्या लेखनाचा भाग आहे.

बॅकअप होता, म्हणून शीर्षकं परत मिळाली. आता आधी र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवते. मग झिरो-विड्थ स्पेस तेवढी काढते, बाकीच्या जॉइनरना हात लावत नाही. शेवटी स्ट्रिप, आणि त्यानंतरच नावांची तुलना.