लिपिड प्रोफाइलचे दोन रिपोर्ट: कोणाला चालणं पुरेल, कोणाला गोळीच हवी

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीचा रिपोर्ट बिघडला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आमच्याकडे सगळ्यांनाच आहे, रक्तातच आहे, चालून काय होणार?" दुसरा म्हणतो, "गोळी सुरू झाली की सुटत नाही, आधी तीन महिने चालून बघ." कोणाचं ऐकायचं, ते रिपोर्टमधला कुठला आकडा वर गेलाय त्यावर ठरवावं.

समजा, दोन रिपोर्ट शेजारी ठेवलेत. (एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे 'चांगलं', ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी; आकडे मिग्रॅ/डेसिलीटरमध्ये.) पहिल्यात टोटल कोलेस्टेरॉल २९०, एचडीएल ४८, ट्रायग्लिसराइड ११०, एलडीएल २२०. दुसऱ्यात टोटल २०५, एचडीएल ३३, ट्रायग्लिसराइड २६०, एलडीएल १२०. नुसतं टोटल पाहणारा दुसऱ्याला "थोडंसंच वाढलंय" म्हणून सोडून देईल. तसं करू नये.

हा दुसरा नमुना आपल्याकडे घरोघरी सापडतो: सुटलेलं पोट, काठावरची साखर, चढे ट्रायग्लिसराइड, उतरलेलं एचडीएल. इथे व्यायाम खरंच कामाला येतो. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते रक्तातले ट्रायग्लिसराइड फोडतं आणि ती चरबी स्नायूंना इंधन म्हणून मिळते. घाम निघेल इतकं चाललं की ते वाढतं आणि दुसऱ्या दिवशीही परिणाम दिसतो. दोनेक दिवसांत मात्र ओसरतो. म्हणून रविवारी सिंहगड चढून आठवडाभर खुर्चीत बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास भरभर चालणं सरस. जोडीला साखर, मैदा आणि दारू आवरली तर हा आकडा चांगलाच खाली येतो.

जनुकं इथेही आहेतच. अमेरिका-कॅनडातल्या हेरिटेज कुटुंब-अभ्यासात सगळ्यांना २० आठवडे ठरावीक पद्धतीनं सायकल चालवायला लावली. कोणाचं एचडीएल छान वाढलं, कोणाचं जागचं हललं नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या रिपोर्टशी स्पर्धा नको. एचडीएल दोन-तीन अंकांनीच वाढलं तरी खट्टू होऊ नका; ट्रायग्लिसराइड आणि कमरेचा घेर बघा.

पहिल्या रिपोर्टचं प्रकरण वेगळं. एलडीएल १९० च्या वर असेल तर आनुवंशिक कारणाचा संशय घ्यावाच. रक्तातलं एलडीएल उचलणारे रिसेप्टर यकृतावर असतात. त्यांच्या जनुकाची एक प्रत सदोष असली की उचल कमी पडते आणि एलडीएल जन्मापासूनच साचत राहतं. साधारण अडीचशेत एकाला हा दोष असतो. (हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.) डॉक्टर टाचेच्या वरची धोंडशीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा कंडरा) चिमटीत धरून बघतात, ती याचसाठी: काहींची तिथे जाड झालेली असते.

अशा माणसाला "आधी चालून बघ" सांगणं मला चुकीचं वाटतं. व्यायामानं एलडीएल फार तर थोडं उतरतं. २२० चं २१० झालं तरी धोका तिथेच. स्टॅटिननं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनं, ते ३० ते ५० टक्के खाली येतं. चालणं सोडायचं नाही, हृदयाला आणि रक्तदाबाला त्याचा फायदा आहेच. पण गोळीच्या बदल्यात नाही. शिवाय मुलाबाळांत हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते, त्यामुळे भावंडांचं आणि मुलांचं रक्तही तपासून घ्या.

लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, हृदयाचा धोका वाढवणारा कण) हा आणखी एक आकडा नेहमीच्या रिपोर्टात नसतो. तो जवळपास पूर्णपणे जनुकांवर ठरतो, चालून हलत नाही. घरात कमी वयात हार्ट अटॅक आले असतील तर एकदा तपासावा.

दुसऱ्या रिपोर्टवाल्यानं, मधुमेह किंवा हृदयविकार नसेल तर, डॉक्टरांना विचारून तीन महिने व्यायामाला द्यायला हरकत नाही. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असतील तर मात्र थांबू नये, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. फेरतपासणीच्या आदल्या दिवशी मोठा ट्रेक मारला तर हा आकडा खोटाच कमी दिसेल, आणि आदल्या रात्री पार्टी झाली तर उगाच जास्त. रक्त नेहमीसारख्या दिवसानंतरच द्या.